[मंडळ-यादी] गणपतीच्या तिकिटांचं पान गूगलवर येतच नाहीये, अर्जंट

प्रेषक: सचिव

मंडळी नमस्कार,
कालपासून फोन येतायत की यंदा गणपती आहे ना आपल्याकडे. गूगलवर मंडळाचं नाव आणि गणेशोत्सव टाकलं की सगळ्यात वर येतं ते तिकिटांच्या साइटवरचं मागच्या वर्षीचं पान, त्यावर विक्री बंद असं दिसतं, मग आपलं फेसबुक, आणि नवी साइट कुठेच नाही. केटररला महाप्रसादाचा आकडा पुढच्या शुक्रवारी द्यायचाय. या देशात नव्याने आलेल्यांना आपण सापडलोच नाही तर ते येणार कसे? कोणीतरी आजच्या आज बघा प्लीज.

प्रेषक: वेबसाइट समिती

ताई, बघितलं. सर्च कन्सोलमध्ये (गूगलला आपली साइट कशी दिसते ते सांगणारं त्यांचंच टूल) पान इंडेक्स झालेलं, म्हणजे गूगलच्या यादीत आलेलं दिसतंय, गूगलने काय वाचायचं ते सांगणारी रोबॉट्सची फाइल ठीक आहे, 'हे पान यादीत घेऊ नका' असं सांगणारा नोइंडेक्स नाही, साइटमॅप म्हणजे आपल्या पानांची यादीही गेलीय. म्हणजे गूगलला पान माहीत आहे, पण त्यावर वाचण्यासारखं काही नाही. पानाचं टायटल नुसतं 'इव्हेंट्स', खाली फ्लायरचं चित्र, त्याखाली 'तिकिटांसाठी इथे क्लिक करा'. तारीख, हॉल, आरतीची वेळ, अथर्वशीर्ष, ढोल-ताशा सगळं चित्राच्या आत आहे आणि चित्राच्या ऑल्टमध्ये, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणाऱ्या मजकुरात, 'फ्लायर फायनल ३' एवढंच. मला साध्या अक्षरांत मजकूर द्या. टायटलमध्ये मंडळाचं नाव, गावाचं नाव, गणेशोत्सव आणि वर्ष टाकतो, मराठीत आणि रोमनमध्येही, कारण फोनवर निम्मे लोक रोमनमध्येच टाइप करतात. दुसरं म्हणजे दर वर्षी नवीन पान काढणं बंद करू या. गणेशोत्सवाचा पत्ता कायम एकच ठेवायचा आणि मागच्या वर्षीचं सगळं आर्काइव्हमध्ये हलवायचं, म्हणजे जुन्या लिंका वाया जात नाहीत. आणि तिकिटांच्या साइटचा पासवर्ड ज्यांच्याकडे आहे त्यांनी मागच्या वर्षीच्या पानावर अगदी वर यंदाची लिंक टाका, आजचं काम त्यानेच भागेल.

प्रेषक: सजावट आणि फ्लायर

फ्लायर काढायचा नाही हे आधीच सांगते. मागच्या वर्षी हॉल भरला तो व्हॉट्सअ‍ॅपवर फ्लायर फिरला म्हणून, गूगलमुळे नाही. बॉर्डरची वारली नक्षी हाताने काढलेली आहे, त्याखाली मजकुराचा ढीग टाकला की सगळं पान बिघडतं. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत लिहिता येईल ना? गूगल वाचेल आणि डोळ्याला दिसणार नाही.

प्रेषक: वेबसाइट समिती

नाही ताई, ते अजिबात नको. लपवलेला मजकूर गूगलच्या स्पॅमच्या नियमात येतो, त्याने पान खाली जाऊ शकतं किंवा निघूनही जाऊ शकतं. फ्लायर वर जसाच्या तसा राहील, नक्षीला हात लावत नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फ्लायर त्यालाच मिळतो जो आधीच कुणाच्या तरी ग्रुपमध्ये आहे. गेल्या महिन्यात इथे उतरलेल्या माणसाकडे गूगलच आहे.

प्रेषक: खजिनदार

दोन गोष्टी. एका कंपनीचा मेल आलाय, महिन्याला पैसे भरा, पहिल्या पानाची गॅरंटी. आणि माझ्या भाच्याने गूगल अ‍ॅड ग्रँट्सचं सांगितलं, नॉनप्रॉफिटला महिन्याला १०,००० डॉलरपर्यंत जाहिरात फुकट, तर अर्ज का नाही करायचा? शिवाय जुन्या डोमेनचं, म्हणजे साइटच्या जुन्या पत्त्याचं, रिन्यूअल आलंय. नवीन साइट झाली, जुनं आता सोडून देतो, दोन-दोन डोमेनचा खर्च नको.

प्रेषक: वेबसाइट समिती

काका, जुनं डोमेन कृपा करून सोडू नका! बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या (मराठी मंडळांची शिखर संस्था) साइटवर, गावच्या लायब्ररीच्या पानावर, जुन्या बातम्यांत, सगळीकडे आपला तोच पत्ता आहे. त्या लिंका ३०१ रीडायरेक्टने, म्हणजे जुन्या पत्त्यावरून आपोआप नव्याकडे वळवून, नव्या साइटवर येतात आणि गूगलच्या लेखी आपली जी काही पत आहे ती त्यातूनच आहे. गूगल स्वतः सांगतं की रीडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा, जमलं तर त्याहून जास्त. डोमेन सोडलं आणि दुसऱ्या कुणी घेतलं तर आपल्याच लिंका त्याच्याकडे जातील. गॅरंटीवाल्या कंपनीला नाही म्हणा, पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हेही गूगलनेच लिहून ठेवलंय. अ‍ॅड ग्रँट्सचा अर्ज जरूर करू, पण ती जाहिरात आहे, तिने आपलं पान जाहिरातींखालच्या नेहमीच्या निकालांत वर चढत नाही, आणि जाहिरातीवरून माणूस येणार तो याच अर्धवट पानावर.

प्रेषक: माजी अध्यक्ष

मी या देशात आलो तेव्हा फोनबुकात जोशी, कुलकर्णी, पाटील शोधायचो आणि सरळ फोन लावायचो, पाटलांच्या नंबरवर बरेचदा गुजराती कुटुंब निघायचं, तरी जेवायला बोलवायचे. मंडळ असंच उभं राहिलं. नवीन माणसाला आपण सापडलो पाहिजे यावर मी सचिवांच्या बाजूने आहे. आमच्या कमिटीने साइटच्या कीवर्ड टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमधल्या न दिसणाऱ्या शब्दयादीत, मराठी, महाराष्ट्र, पुणे, मुंबई सगळं भरलं होतं, ते नव्या साइटवर आणलंय का?

प्रेषक: वेबसाइट समिती

सर, तो टॅग रँकिंगसाठी धरत नाही हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय, त्यामुळे आणलेला नाही.

प्रेषक: दिवाळी अंक, संपादन

मग आपल्या अंकांचं काय? जुने सगळे अंक पीडीएफ करून साइटवर चढवलेत, पण लेखकाचं नाव टाकलं तरी एकही सापडत नाही.

प्रेषक: वेबसाइट समिती

ते अंक युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला कोड देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये लावलेत. डोळ्याला मराठी दिसतं, पण आत कोड रोमन अक्षरांचे आहेत. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून बघा, आकडे, कंस आणि रोमन अक्षरांचा काला दिसेल. गूगलला तोच दिसतो. कन्व्हर्टर आहेत, पण रफार आणि पहिली वेलांटी जागेवरून हलतात, जोडाक्षरं फुटतात, म्हणजे पुन्हा प्रूफ वाचायला माणसं लागतील.

प्रेषक: मराठी शाळा

हे वाचून फार वाईट वाटलं. माझ्या सासूबाईंचा जात्यावरच्या ओव्यांवरचा लेख आपल्याच अंकात आहे. त्या आता नाहीत. माझ्या मुलीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी आजीचं नाव टाकून शोधलं, काही मिळालं नाही, शेवटी कपाटातला छापील अंक काढून दिला. तसेच किती लेख तिथे पडून असतील. मोठ्या वर्गाची मुलं युनिकोडमध्ये टाइप करतील, त्यांचा मराठीचा सरावही होईल.

प्रेषक: दिवाळी अंक, संपादन

पूर्ण लेख टाकायचे नाहीत. लेखकांनी छापील अंकासाठी दिले होते, वेबसाठी कुणाला विचारलेलं नाही, कित्येकांच्या घरच्यांना आता शोधावं लागेल. अनुक्रमणिका टाइप करा, अंकाचं वर्ष, लेखाचं नाव, लेखकाचं नाव, प्रत्येक अंकाचं वेगळं पान. नाव शोधणाऱ्याला निदान अंक तरी सापडेल. नावांची प्रूफं मी स्वतः वाचणार, त्याआधी पान लाइव्ह करू नका. लेखांच्या परवानग्यांचं पत्र मी तयार करतो, तुमच्या सासूबाईंच्या लेखापासून सुरुवात करू, त्याला होकार तुम्हीच द्या.

प्रेषक: मराठी शाळा

होकार आहे. ह्यांनाही विचारलं, त्यांचाही आहे.

प्रेषक: सचिव

गणपतीचा मजकूर वेबसाइट समितीला पाठवला. हॉलचा पत्ता आणि पार्किंगचा पत्ता वेगळा आहे, पार्किंग मागच्या रस्त्याने, दोन्ही पानावर लिहा. तिकिटांच्या साइटचा पासवर्ड खजिनदारांकडे आहे, काका, ती लिंक आज रात्री टाका.