करवंदाच्या जेलीत पेक्टिन पावडर घालावी लागते का?

अडिवऱ्याची_सून

नमस्कार मंडळी. आमचं घर राजापूर तालुक्यात, अडिवऱ्याजवळ. घरामागचा सडा (कातळाचं माळरान) सध्या करवंदांनी लगडलाय. सासूबाई लोणचं घालतात, थोडा मुरंबा करतात, बाकीची पोरं आणि बुलबुल संपवतात. जेली मात्र आमच्याकडे कुणी केलेली नाही आणि मला ती करायचीच आहे. नणंदा गणपतीला येतील तेव्हा प्रत्येकीला एकेक बाटली द्यायचा बेत आहे.

कृती दोन मिळाल्या. एकीत पेक्टिन (जेली घट्ट बांधणारा फळातला घटक) पावडर आणि लिंबाचा रस आहे, दुसरीत नुसती करवंदं आणि साखर. पावडर इथे मिळत नाही, मागवावी लागेल आणि ती येईपर्यंत वळीव पडायचा. पावडर खरंच लागते का? करवंदं कितपत पिकलेली घ्यायची? एवढा चीक असतो, तो रसात उतरत नाही का? आणि पावसाळाभर टिकेल ना? घरात पाकाचा थर्मामीटर आहे.

परसदार

मी घालतो पावडर. दर वेळी सारखी जमते, डोक्याला ताप नाही. एक किलो रसाला साधारण ५ ग्रॅम, आधी थोड्या साखरेत कोरडी मिसळून मग रसात घालायची, नाहीतर गुठळ्या होतात.

सडा_आणि_समुद्र

सूनबाई, पावडर मागवू नका. परसदार, तुमची पद्धत पेरूच्या पिकल्या गराला किंवा अननसाला अगदी योग्य आहे, पण करवंदात पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही भरपूर. जेलीला साखरेखेरीज लागतं ते एवढंच. पावडर आणि लिंबू घातलं की जेली घट्ट होते खरी, पण तिला करवंदाचा तो तुरट-आंबट झटका राहत नाही. मी वेळणेश्वरच्या बाजूला राहते आणि दर उन्हाळ्यात ही जेली करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळं ठरतं ते करवंदं वेचतानाच. पूर्ण काळी, मऊ झालेली करवंदं रंगाला आणि वासाला उत्तम, पण फळ पिकतं तसं त्यातलं पेक्टिन विरघळून कमी होत जातं. म्हणून चार वाट्यांपैकी तीन काळी आणि एक वाटी लालसर, अजून कडक असलेली घ्या. हिरवीगार नकोत. त्यांत चीक जास्त असतो आणि रस कडवट होतो. लालसरही पाव हिश्श्याहून जास्त नको, आंबटपणा फार झाला की भरलेल्या जेलीला आठवड्याभरात पाणी सुटतं.

जाळीवर उन्हाची असतील तीच तोडा. वळीव पडून गेला की दोन-तीन दिवस हात लावू नका, फळ पाणी पितं, रस पातळ येतो. तोडून आणलेली पाटीत दाबून ठेवू नका, सुपात पसरा. मे महिन्याच्या उकाड्यात दाबलेली करवंदं रात्रीत आंबतात. आणि खालच्या फांद्यांवरची राहू द्या हो. पाखरांनी बिया टाकल्या म्हणून तर सड्यावर जाळ्या आहेत. आमच्या इथे काजूच्या लागवडीसाठी कातळ साफ करताना कित्येक जाळ्या मुळासकट गेल्या. जिथे आहेत तिथे ओरबाडू नये असं मला फार वाटतं.

चिकाचं म्हणाल तर देठ काढून करवंदं कोमट पाण्यात घाला, चोळा, पाणी बदला, पुन्हा चोळा. उरलासुरला चीक उकळताना फेसात वर येतो, तो पळीने काढत राहायचं.

आता भांडं. स्टीलचं जाड बुडाचं घ्या. अॅल्युमिनियम नको, बिनकल्हईचं पितळ तर मुळीच नको, करवंदाचा आंबटपणा धातू खातो. करवंदं जेमतेम बुडतील इतकंच पाणी घाला, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं शिजवा आणि लाकडी डावाने हलक्या हाताने दाबा. मिक्सरला लावू नका, बिया भरडल्या की कडवटपणा उतरतो. मग ओल्या पंचात घालून खुंटीला टांगा, खाली पातेलं. रस आपोआप ठिबकू द्या. पिळायचा मोह प्रत्येकाला होतो, पण पिळलात की गर उतरतो आणि जेली गढूळ होते. पुस्तकं रात्रभर टांगा म्हणतात. आपल्या हवेत मी संध्याकाळी टांगते आणि झोपायच्या आधी उतरवते, नाहीतर सकाळपर्यंत रसाला वास येतो. उरलेला चोथा टाकू नका. चाळणीवर घासून त्यात गूळ, तिखट, मीठ घाला, आंबोळीबरोबर सुंदर लागतो.

रसात पेक्टिन किती आहे हे डोळ्यांनी बघता येतं. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट आणा. काचेच्या वाटीत गार झालेला एक चमचा रस, त्यावर तीन चमचे स्पिरिट, हलकेच फिरवा आणि मिनिटभर थांबा. एकच घट्ट गोळा बांधला तर रसाला वाटीस वाटी साखर चालते. दोन-तीन तुकडे झाले तर पाऊण वाटी. नुसता चुरा पडला तर अर्धी वाटी, किंवा रस आटवून पुन्हा बघा. हा नमुना लगेच ओतून द्या, चाखायचा नाही, स्पिरिट विषारी असतं आणि ते विस्तवाजवळ ठेवू नका. लालसर करवंदं घातलेल्या रसाचा गोळा बांधतोच.

साखर घातल्यावर घाई करायची. हे मी सगळ्यांना सांगते आणि कुणी ऐकत नाही. मंद आचेवर तासभर आटवलं तर पेक्टिन तुटतं, रंग विटकरी होतो आणि हातात उरतो तो चिकट पाक. म्हणून एका वेळी चार-पाच वाट्याच रस घ्या, पातेलं मोठं आणि पसरट, साखर विरघळेपर्यंत आच मध्यम, मग मोठी. रस फसफसून वर येतो, लहान पातेल्यात ओतू जाईल. जास्त रस असेल तर दोन घाणे करा, एकत्र उकळू नका.

थर्मामीटर आहे हे उत्तम. तो आधी नुसत्या उकळत्या पाण्यात बुडवून आकडा बघा आणि त्याच्या साडेचार-पाच अंश वर जेली उतरवा. समुद्रसपाटीला हा आकडा १०४ ते १०५ अंश सेल्सियस येतो. तोवर साखर आणि फळातले घटक मिळून ६५ टक्क्यांच्या आसपास पोचलेले असतात, आणि त्याच प्रमाणाला पेक्टिन आपली जाळी विणतं. थर्मामीटरवर भरवसा नसेल तर डाव वर उचलून आडवा करा. आधी थेंब पाण्यासारखे सुटे पडतात, मग दोन थेंब कडेला सरकत एक होतात आणि पडद्यासारखे घसरतात. तोच क्षण, गॅस बंद.

टिकण्याबद्दल. काचेच्या बाटल्या दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा, गरम बाटलीत गरम जेली काठापासून बोटाच्या अर्ध्या पेराएवढी जागा सोडून भरा, झाकण लावा आणि भरलेल्या बाटल्या पुन्हा दहा मिनिटं बुडतील एवढ्या पाण्यात उकळा. ही शेवटची पायरी आपल्याकडे फार जण गाळतात. कोरड्या मुलखात एक वेळ चालेल, पण जुलैत आपल्या घरात मीठसुद्धा ओलं होतं, तिथे जेलीवर बुरा येणारच. अशा बाटल्या अंधाऱ्या फडताळात गणपतीपर्यंत काय, दिवाळीपर्यंत छान राहतात. उघडली की मात्र फ्रिजमध्ये.

ओहायोकर

काकू, फार छान लिहिलंत. मी मूळचा मालगुंडचा, आता अमेरिकेत. इथे सप्टेंबर-ऑक्टोबरात रानद्राक्षांची जेली करतात, तीही अशाच बाहेरच्या पेक्टिनशिवाय, थोडे अर्धकच्चे घोस घालून. फरक दोन. द्राक्षात टार्टारिक आम्ल असतं, त्याचे खडे जेलीत वाळूसारखे दाताखाली येतात. म्हणून रस रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतात, खडे तळाशी बसले की वरचा निवळ रस तेवढा घेतात. मणी चुरताना हातमोजेही घालावे लागतात, नाहीतर कातडी चुरचुरते.

दुसरा फरक गंभीर आहे. इथे मूनसीड नावाची एक विषारी वेल अगदी तशीच काळी फळं धरते. द्राक्षाच्या वेलीला ताणे (आधाराला गुंडाळणारे तंतू) असतात आणि मण्यात नासपतीसारख्या आकाराच्या दोन ते चार बिया. मूनसीडला ताणे नाहीत आणि बी एकच, चंद्रकोरीसारखी चपटी. प्रत्येक वेलीचा एकेक मणी फोडून बघितल्याशिवाय मी टोपलीत काही टाकत नाही.

आपल्या जंगलातही पावसाळ्यात द्राक्षासारखे घोस लागलेल्या वेली असतात ना? त्यांची कुणी करतं का?

सडा_आणि_समुद्र

ओहायोकर, त्यांच्या वाटेला जाऊ नये. द्राक्षकुळातल्या आपल्याकडच्या काही रानवेलींच्या फळांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, जीभ आणि घसा चांगलाच खाजतो. ओळखणारं माणूस बरोबर नसेल तर रानातलं घोसाचं काही तोंडात घालू नये. करवंदाची गोष्ट निराळी. काटा, पानं, चीक, फळ, लहान पोरालाही ओळख असते. रोपवाटिकेतूनच हवं असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला 'कोकण बोल्ड' वाण आहे, फळ मोठं असतं. मला जेलीला तरी सड्यावरचंच बारीक करवंद आवडतं, सालीचा भाग जास्त असल्याने रंग गडद येतो.

परसदार

स्पिरिटची परीक्षा मला नवीन आहे. या वर्षी एक घाणा पावडरशिवाय करून बघतो. करवंद फोडल्यावर आत लाल निघालं तर कोंबडा आणि पांढरं निघालं तर कोंबडी, असं आम्ही खेळायचो. जेलीला नुसते कोंबडे घ्यायचे का?

सडा_आणि_समुद्र

एका जाळीची बहुधा सगळी एकाच जातीची निघतात, तेव्हा दोन-चार फोडून जाळी ठरवा. लाल गराची मिळाली तर जेली माणकासारखी दिसते. पांढऱ्या गराचीही चवीला कमी नसते. रंग फिका आला म्हणून वरून खायचा रंग मात्र घालू नका.

अडिवऱ्याची_सून

काकू, मनापासून आभार. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी लगेच 'उद्या ऊन चढायच्या आत जाऊ' म्हणून ठरवलंसुद्धा. अजून दोनच शंका. माझी आई आंबोलीला असते, तिलाही करायची आहे, तिकडे आकडा तोच धरायचा का? आणि पातेल्याला बसलेला चीक कशाने निघतो? मुरंब्याच्या वेळी घासून हात दुखले.

सडा_आणि_समुद्र

आंबोली जवळजवळ ७०० मीटर उंचीवर आहे, तिथे पाणीच ९८ अंशांच्या जरा अलीकडे उकळतं. आईंनी १०२ ते १०३ ला उतरवायची. १०५ ची वाट बघत बसल्या तर वडीसारखी कडक होईल. म्हणून तर आधी पाण्यात थर्मामीटर बुडवायला सांगितलं.

चिकाला खोबरेल तेल. पातेलं कोरडं असतानाच तेलाच्या बोळ्याने पुसा, मग गरम पाणी आणि साबण. तोडायला जाताना हातांनाही तेल लावून जा. आणि सासूबाईंना पूर्ण बाह्यांचं काहीतरी घालायला सांगा, करवंदीचा काटा दुतोंडी असतो.