अनुभव धागा: फ्रान्सच्या खेड्यात सुट्टीसाठी घर निवडताना

फ्रान्सच्या ग्रामीण भागात आठवड्याच्या बोलीने भाड्याने मिळणारी, स्वयंपाकघरासह सुसज्ज अशी घरे, ज्यांना तिथे 'जीत' म्हणतात, मराठी कुटुंबाच्या सुट्टीसाठी हॉटेलपेक्षा कितीतरी सोयीची आहेत, असे माझे ठाम मत आहे. चूल आपल्या हाती असते, वडीलधाऱ्यांना दुपारी आडवे होता येते आणि मुलांना अंगण मिळते. दुसऱ्या महायुद्धानंतर खेडी रिकामी होऊ लागली, तेव्हा ओस पडलेल्या शेतघरांचा उपयोग व्हावा आणि शेतकऱ्याला जोडउत्पन्न मिळावे, या विचारातून १९५१ मध्ये आल्प्सच्या दक्षिण भागात असे पहिले घर सुरू झाले आणि १९५५ मध्ये 'जीत द फ्राँस' हा संघ स्थापन झाला. हा संघ घरांना गव्हाच्या कणसांच्या चिन्हाने एक ते पाच अशी श्रेणी देतो. सरकारी श्रेणी ताऱ्यांची असते आणि ती वेगळी. परंतु कणसे किंवा तारे मोजून ते घर आपल्या कुटुंबाला मानवेल की नाही हे कळत नाही. म्हणून, घर निवडताना आपण काय पाहिले आणि तिथे राहिल्यावर त्यातले काय खरोखर कामाचे ठरले, एवढेच सविस्तर लिहावे, ही विनंती.

लेस्टरहून

आम्ही दॉर्दोन्य नदीच्या खोऱ्यात, सार्लाच्या जवळ घर घेतले होते. सासू-सासरे आणि मुले बरोबर होती. जाहिरातीत 'आठ जणांची सोय' असे लिहिलेले असते, तेव्हा त्या आठांत बैठकीतला सोफा-कम-बेड आणि पोटमाळ्यावरच्या गाद्याही धरलेल्या असू शकतात, हे ध्यानात ठेवावे. दोघांच्या पलंगाची रुंदी पुष्कळदा १४० सेंटिमीटरच असते. बंक बेडची वरची जागा सहा वर्षांखालील मुलांसाठी नसते. जुनी दगडी घरे देखणी असली, तरी त्यांचे लाकडी जिने अरुंद आणि शिडीसारखे उभे असतात, आणि रात्री गुडघेदुखीच्या माणसाला अशा जिन्यावरून खाली शौचालयात पाठवणे धोक्याचे आहे. आम्ही तळमजल्यावर झोपण्याची खोली आणि शौचालय ही पहिली अट ठेवली, मालकीणबाईंकडून हाताने काढलेला नकाशा मागवला आणि मगच पैसे भरले.

पोहण्याच्या तलावाबद्दल मला विशेष कळकळीने सांगायचे आहे. जमिनीत बांधलेल्या तलावाला कुंपण, आच्छादन, छत किंवा गजर यांपैकी एक तरी सुरक्षा-व्यवस्था असणे भाड्याच्या घरांना २००४ पासून कायद्याने बंधनकारक आहे. मात्र गजर वाजतो तो मूल पाण्यात पडल्यावर. लहान मूल बरोबर असेल तर कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक असलेलेच घर घ्यावे, आणि त्याचे छायाचित्र मागून घ्यावे.

पुण्याहून

भारतातून जाणाऱ्यांसाठी कागदपत्रांविषयी लिहितो. व्हिसाच्या अर्जाला मुक्कामाचा पुरावा लागतो. आम्ही मालकाची सही असलेला भाडेकरार, त्यावर सर्व प्रवाशांची नावे, तारखा आणि भरलेली रक्कम असे एकत्र मागवून अर्जाला जोडले. करारात आगाऊ रकमेचा प्रकार कोणता लिहिला आहे, हे अवश्य वाचावे. 'आर' असेल तर आपण बेत रद्द केल्यास ती रक्कम बुडते आणि मालकाने रद्द केल्यास त्याला ती दुप्पट परत करावी लागते. 'आकाँत' असेल तर व्यवहार पक्का धरला जातो आणि माघार घेतल्यास उरलेल्या भाड्याचीही मागणी होऊ शकते. व्हिसाचा निकाल हाती येण्याआधी घर घेणाऱ्या माणसाला हा फरक फार महागात पडू शकतो.

जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक घरे शनिवार ते शनिवारच मिळतात आणि ताबा दुपारी उशिरा मिळतो. रविवारी दुपारनंतर लहान गावांतली दुकाने बंद असतात, त्यामुळे पहिला किराणा शनिवारीच, वाटेतल्या मोठ्या दुकानातून भरून न्यावा. लहान स्थानकांवरचे भाड्याच्या गाडीचे कार्यालय शनिवारी दुपारीच बंद होऊ शकते. आम्ही पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने दोन तासांहून थोड्या अधिक वेळात बोर्दोला पोहोचून तिथल्या मोठ्या स्थानकावरच गाडी घेतली. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओतून आधीच काढून ठेवावा.

ब्रिस्टलहून

माझ्या मते घराची निवड स्वयंपाकघराच्या छायाचित्रापासून सुरू करावी. शेगडी इंडक्शनची असेल तर आपला नेहमीचा ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर चालत नाही. इंडक्शनला चालणारा स्टीलचा छोटा कुकर सोबत न्यावा. शेगडी गॅसची असेल तर ती खेड्यात बहुधा सिलिंडरवर असते, म्हणून भरलेला दुसरा सिलिंडर घरात आहे का, हे विचारावे.

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत आणता येत नाहीत, आणि २०२१ पासून ब्रिटनहून येणाऱ्यांनाही हे लागू आहे. पोर्ट्समथहून रात्रीच्या बोटीने सँ-मालोला गाडीसह जाताना तांदूळ, मसाले, चादरी सर्व काही भरता येते, पण तूप, पेढे आणि पनीर घरीच ठेवावे लागते. तूप तिथेच करावे. सँ-मालो ज्या फ्रेंच प्रांतात आहे, त्या ब्रितानीच्या दुकानात समोर दिसते ते लोणी खारट, म्हणजे 'दमी-सेल' लिहिलेले असते. फळीवर शोधून 'दू' लिहिलेले बिनमिठाचे घ्यावे. मंद आचेवर ते आधी फेसाळते, मग फेस बसतो, तड्‌तड् आवाज थांबतो आणि बेरी बदामी होऊ लागली की दगडी भिंतींच्या त्या घरात आपल्या घरचा वास भरतो. माझ्या सासऱ्यांना भाताबरोबर ते तूप वाढले, तेव्हा हॉटेल न घेतल्याचे मला मनापासून समाधान वाटले.

कणकेसाठी पिठाच्या पुड्यावर 'टी' या अक्षरापुढचा आकडा पाहावा. ५५ हे आपल्या मैद्याच्या जवळचे आणि १५० कोंड्यासह. मी ८० आणि १५० निम्मे-निम्मे मिसळते आणि पोळ्या मऊ होतात. ल प्वीची हिरवी मसूर, जिला १९९६ पासून भौगोलिक मानांकनाचे संरक्षण आहे, चवीला उत्तम असते, पण ती घोटली जात नाही, उसळ करावी. काटेकोर शाकाहारी मंडळींनी लक्षात घ्यावे की फ्रेंच चीजमध्ये बहुधा प्राणिज रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातून मिळणारे दूध गोठवणारे द्रव्य, असते.

ल्याँहून

मी फ्रान्समध्येच राहतो, म्हणून इथल्या खेड्यांविषयी लिहितो. पुष्कळ घरांच्या पत्त्यात वस्तीचे नाव असते, रस्ता किंवा घर क्रमांक नसतो. मालकाकडून नकाशावरचे नेमके स्थान मागून घ्यावे, कारण जाड भिंतींच्या गावात फोनचे जाळे नेमके शेवटच्या वळणावर जाते. बेकरीपर्यंत चालत जाता येते का, हे नकाशावर पाहावे आणि ती आठवड्यात कोणत्या दिवशी बंद असते तेही विचारावे. चर्चची घंटा, कोंबड्याचे आरवणे आणि शेणाचा वास यांविषयी मालकाकडे तक्रार करू नये. ग्रामीण भागातल्या आवाजांना आणि वासांना जानेवारी २०२१ च्या कायद्याने तिथल्या वारशाचा भाग मानले आहे, आणि ते योग्यच आहे. ज्यांची झोप सावध आहे, त्यांनी चर्चपासून दूरचे घर निवडावे.

सांडपाणी खेड्यात अनेकदा सेप्टिक टँकमध्ये जाते. खरकट्यातले तेल मोरीत ओतू नये आणि वेट वाइप्स, डायपर शौचालयात टाकू नयेत. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या सुमारास खिडक्यांची लाकडी दारे लावून घेतली की घर संध्याकाळपर्यंत थंड राहते. पंखा किंवा एसी नसला तरी चालते.

ठाण्याहून

आम्ही ऑक्टोबरच्या अखेरीस मध्य फ्रान्समधल्या ओव्हेर्न्यमध्ये, प्वी द दोम या डोंगराच्या परिसरात राहिलो. भाडे उन्हाळ्यापेक्षा बरेच कमी होते, परंतु घर गरम ठेवण्याचा खर्च भाड्यात नव्हता. वीज मीटरप्रमाणे निघताना द्यायची होती. भाड्याचे आकडे पडताळताना चादरी-टॉवेल, घराची अखेरची सफाई, पर्यटक कर (अठरा वर्षांखालील मुलांना तो नसतो) आणि अनामत या चार रकमा आधी लेखी मागवाव्यात. आम्ही पोहोचल्यावर मालकाबरोबर मीटरचा आकडा वाचून दोघांनी त्या कागदावर सह्या केल्या, तव्यावरचा ओरखडा आणि फुटकी बशी तिथेच नोंदवली, आणि निघताना अनामत पूर्ण परत मिळाली.