ट्रेटिनॉइनचे मायक्रोस्फिअर जेल कमी का झोंबते?

प्रश्न : मुरुमांवर लावायच्या ट्रेटिनॉइन या औषधाच्या ०.०२५ टक्क्यांच्या साध्या क्रीमने माझ्या नाकपुड्यांच्या कडेची साले निघत होती. आता डॉक्टरांनी ०.०४ टक्क्यांचे मायक्रोस्फिअर जेल दिले आहे. प्रमाण वाढूनही आग कमी कशी?

उत्तर १ : यात औषध पॉलिमरच्या अतिसूक्ष्म, सच्छिद्र गोळ्यांत (म्हणजेच मायक्रोस्फिअरमध्ये) साठवलेले असते आणि ते एकदम न सुटता हळूहळू झिरपत राहते, त्यामुळे त्वचेवर एका वेळी मोकळ्या औषधाचा मारा कमी होतो. अमेरिकेत असे ०.१ टक्क्यांचे जेल १९९७ साली मंजूर झाले.

उत्तर २ : उजेडाने ट्रेटिनॉइन खराब होते, त्यालाही या गोळ्यांचा आडोसा मिळतो. तरीही रात्रीच, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, वाटाण्याएवढेच लावावे. गर्भधारणेचा विचार असल्यास मात्र आधी डॉक्टरांना अवश्य सांगावे.