मदत हवी आहे : सोसायटीच्या नव्या रस्त्यात जुनी झाडे कशी सांभाळावीत?

नमस्कार. नेरुळ येथील आमच्या गृहनिर्माण संस्थेत अंतर्गत रस्ता व पार्किंग नव्याने करावयाचे असून, कंत्राटदाराच्या आराखड्यात तीन पर्जन्यवृक्ष व एक सोनमोहर यांच्या थेट बुंध्यापर्यंत काँक्रीट दाखवले आहे. मागील कामात सोनमोहराभोवती पेव्हर ब्लॉक इतके घट्ट बसवले गेले की आता त्यांची कड सालीत रुतली आहे. मुळांनी उचललेल्या ब्लॉकला अडखळणारे ज्येष्ठ सभासद मात्र दोष झाडालाच देतात.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. परंतु पाणी व हवा शोषणारी बारीक मुळे जमिनीच्या वरच्या थरात दूरवर पसरत असल्याने, पर्जन्यवृक्षाला तेवढी जागा मला अपुरी वाटते. मोटारींचे वजन पेलेल आणि पाणीही झिरपेल, अशी खडी-मातीची भर व सच्छिद्र ब्लॉक यांची रचना ठाणे किंवा नवी मुंबईत कोणी केली आहे का? थरांची जाडी, चिखलाने छिद्रे बुजण्याचा अनुभव आणि शक्य असल्यास छेद-आराखडा कळवावा. निविदा अंतिम करण्याची सभा येत्या रविवारी आहे.