आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल : संघात सातत्य का राहत नाही?

प्रश्न : सोलापूर विद्यापीठाच्या स्पर्धेत आमचं कॉलेज एका वर्षी फायनलला, पुढच्या वर्षी पहिल्याच फेरीत बाहेर. काय करावं?

उत्तर १ : शेवटच्या वर्षाची मुलं एकदम जातात, मूळ तिथंच आहे. पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा खेळाडू) कायम दोन तयार ठेवा, त्यातला एक प्रथम वर्षाचा.

उत्तर २ : सर, फाउल बघा. एका क्वार्टरमध्ये (सामन्याच्या चार भागांपैकी एकात) 4 टीम फाउल, म्हणजे सगळ्या संघाचे मिळून, झाले की पाचव्यापासून बचावातल्या प्रत्येक फाउलला समोरच्यांना 2 फ्री थ्रो (कुणी न अडवता बास्केटवर फेक). दमलेला खेळाडू पाय हलवत नाही, हात घालतो. सरावाच्या शेवटी, धाप लागलेली असतानाच प्रत्येकाकडून 10 फ्री थ्रो मारून घ्या आणि वहीत नोंदवा. ताज्या दमाचे आकडे फसवतात.

उत्तर ३ : उन्हाळ्यात सराव बंद करू नका. सोलापूरचं ऊन बघता सकाळी सहालाच कोर्टवर या.