मदत हवी आहे : तुर्कस्तान नक्की कोणाच्या बाजूने, हे मुलींना कसं समजावू?

नमस्कार मंडळी,

शनिवार पेठेतल्या एका अभ्यासिकेत दर रविवारी मी स्पर्धा परीक्षेच्या मुलींना आंतरराष्ट्रीय संबंध शिकवते. येत्या रविवारी तुर्कस्तान घ्यायचं आहे आणि दोन आठवडे मी त्यातच अडकले आहे.

विषय घरातूनच निघाला. मार्केट यार्डात माझ्या काकांचा फळांचा गाळा आहे. मे २०२५ मध्ये तुर्कस्तान पाकिस्तानच्या पाठीशी उभं राहिलं, तेव्हा यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तिथल्या सफरचंदांवर बहिष्कार टाकला. काकांनी उरलेल्या पेट्या गाळ्याच्या मागच्या भिंतीला लावून ठेवल्या आणि मला म्हणाले, "भूकंपात आपली माणसं ढिगारे उपसायला गेली होती ना गं तिकडे?" गेली होती. फेब्रुवारी २०२३, ऑपरेशन दोस्त. मला पुढे काही बोलताच आलं नाही.

वर्गात मी घटना सांगते, पण त्या एका माळेत बसत नाहीत. १९५२ पासून नाटो या पाश्चात्त्य लष्करी गटात असलेला देश रशियाकडून एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतो. २०१९ मध्ये ती यंत्रणा येऊन पोचते आणि अमेरिका त्याला एफ-३५ विमानांच्या कार्यक्रमातून काढून टाकते. त्याच देशाचे बायरक्तार ड्रोन युक्रेन रशियाविरुद्ध वापरतं. तरीही रशियावर पाश्चात्त्यांनी घातलेल्या निर्बंधांत तुर्कस्तान सामील होत नाही, आणि अणुवीज प्रकल्प रशियाच्याच कंपनीकडून बांधून घेतं. मुली विचारतात, "मॅडम, मग हे मित्र कुणाचे?" 'संधिसाधू' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १

ताई, 'कुणाचे मित्र' हा प्रश्न बाजूला ठेवा आणि फळ्यावर आधी नकाशा काढा. काळ्या समुद्रातून बाहेर पडायचं तर बॉस्फरस आणि दार्दानेल्स ओलांडण्यावाचून जहाजांना गत्यंतर नाही, आणि १९३६ च्या माँत्रो करारानं या सामुद्रधुनींवरचा अधिकार तुर्कस्तानच्या हाती दिला. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस त्यांनी हाच करार लावून लढणाऱ्या देशांच्या युद्धनौकांना वाट बंद केली. आपल्या मूळ तळावर परतणाऱ्या नौकांना तेवढी सूट होती. इतर देशांनाही युद्धनौका आणू नका असं सांगितलं. म्हणजे रशियाची कोंडी झाली आणि नाटोचाही काळ्या समुद्रातला वावर आखडला. एकाच निर्णयात दोघांना आवर. जुलै २०२२ मध्ये युक्रेनचं धान्य बाहेर काढण्याचा करार इस्तंबूलला झाला, तो याच जागेच्या जोरावर.

दुसरा धागा कुर्दांचा. सिरियात इसिसविरुद्ध अमेरिकेनं ज्या कुर्द लढवय्यांना हाताशी धरलं, त्यांना तुर्कस्तान पीकेकेचाच, म्हणजे आपल्याविरुद्ध लढलेल्या सशस्त्र कुर्द संघटनेचा, भाग मानतं. मित्रच आपल्या शत्रूला शस्त्रं देतो, ही त्यांची जखम आहे. स्वीडन पीकेकेच्या लोकांना आसरा देतं असं म्हणत तुर्कस्ताननं त्याचा नाटोप्रवेश अडवून धरला, म्हणून त्याला मार्च २०२४ उजाडला; त्यामागे हेच दुखणं मोठं होतं. एस-४०० कडेही मी याच नजरेनं बघतो : तुर्कस्तानातल्या २०१६ च्या फसलेल्या लष्करी बंडानंतर त्यांचा अमेरिकेवरचा भरवसा उडाला होता.

प्रतिसाद २

काकांच्या प्रश्नाला टाळू नका. त्यांना वाईट वाटणं रास्तच आहे. पण आपण गेलो ते ढिगाऱ्याखालच्या माणसांसाठी, अंकाराचं धोरण बदलावं म्हणून नाही. पाकिस्तानशी त्यांची सोयरीक १९५५ च्या बगदाद करारापासूनची; त्या संरक्षण करारात दोघंही होते. ते काश्मीरवर पाकिस्तानची बाजू घेतात, पाकिस्तान सायप्रसवर त्यांची. २०१८ मध्ये पाकिस्ताननं त्यांच्याकडून चार युद्धनौका घेण्याचा सौदाही झाला. इतकी जुनी देवाणघेवाण मदतीच्या विमानांनी पुसली जात नाही.

शेजाऱ्यांचा भागही वगळू नका. दावुतोलू परराष्ट्रमंत्री असताना 'शेजाऱ्यांशी शून्य कटकटी' हे घोषवाक्य होतं. मग २०११ मध्ये सिरिया पेटलं आणि पस्तीस लाखांहून जास्त निर्वासित सीमा ओलांडून आले. त्या एका गोष्टीनं घोषवाक्याचं काय झालं, हे मुलींना त्यांचं त्यांना शोधू द्या.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. अप्पा बळवंत चौकातून कोरे नकाशे आणले आणि तास झाला. सामुद्रधुनीवर पेन्सिलनं रेघ मारताना एक मुलगी म्हणाली, "मॅडम, किती चिंचोळं आहे हे!" त्यानंतर पाऊण तास मला फारसं बोलावंच लागलं नाही. काकांनाही तोच नकाशा दाखवला. राग गेला नाही त्यांचा, पण बगदाद करार कुठल्या साली झाला ते मात्र त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

आता पुढचं अडलंय. १९७४ मध्ये तुर्की फौज उतरल्यापासून सायप्रस दुभंगलेलं, उत्तरेकडच्या तुकड्याला तुर्कस्तानखेरीज कुणाची मान्यता नाही, आणि जून २०२५ मध्ये आपले पंतप्रधान सायप्रसला जाऊन आले. ही भेट तुर्कस्तानच्या धड्यात घेऊ की भारताच्या? कुणी शिकवलं असेल तर सांगा, रविवारपर्यंत हवं आहे.