शब्दचर्चा : ‘स्ट्रक्चर’ला घरात काय म्हणता? शिस्त, वळण, घडी आणि मोकळीक

बोरिवली_स्लो

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत शनिवारी लहान मुलांचा एक वर्ग चालतो. त्याच्या पालकांसाठी एक पानाचं पत्रक मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मूळ इंग्रजी कागदात एक वाक्य आहे, मुलांना स्ट्रक्चर हवं आणि फ्रीडमही हवं, अशा अर्थाचं. मी लिहिलं, ‘शिस्त व स्वातंत्र्य यांचा समतोल साधावा’. सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, “हे पंधरा ऑगस्टचं भाषण आहे का गं?”

त्यांचं चुकलं नाही. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. रोज संध्याकाळी तो एकच प्रश्न विचारतो, “खाली जाऊ?” त्याच्याशी बोलताना ‘शिस्त’ही माझ्या तोंडात येत नाही आणि ‘स्वातंत्र्य’ तर नाहीच. मी ‘टाइमटेबल’ म्हणते, ‘लिमिट’ म्हणते, फार झालं तर ‘आता पुरे’. मग या दोन गोष्टींना घरात बोलायचे मराठी शब्द कुठले? की नाहीतच?

कोशकीटक

‘शिस्त’पासून सुरुवात करू. शब्द फारसीतून आलाय आणि जुन्या मराठीत त्याचा एक अर्थ आहे नेम. ‘शिस्त धरणे’ म्हणजे बंदूक-तोफेचा नेम धरणे. नेमावरून सरळ रेषा, रेषेवरून रांग, रांगेवरून व्यवस्था, असा प्रवास झालेला दिसतो. हिंदीत तो नेमापाशीच थांबला, आपण ज्याला शिस्त म्हणतो त्याला तिथे अनुशासन लागतं. गुजरातीत मात्र शिस्त आपल्यासारखीच. म्हणजे बोरिवलीत शेजारच्या गुजराती काकूंना तुमचं पत्रक अर्धंअधिक कळेल, वरच्या मजल्यावरच्या बनारसच्या कुटुंबाला नाही.

क्रियापदंही बघा. शिस्त ‘लावतात’, ‘पाळतात’, ‘मोडतात’. ‘मला आतून शिस्त आली’ असं कुणी म्हणत नाही. हा बाहेरून लावायचा शब्द आहे. एनसीसीला ठीक, नऊ वर्षांच्या पोराच्या संध्याकाळला जरा जड.

पोळपाट_लाटणं

शिस्त पुरुषांनी आणली असावी, बायकांचा शब्द ‘वळण’. मी गिरगावात वाढले, आमच्या मजल्यावर शिस्त हा शब्द फक्त शाळेच्या प्रगतिपुस्तकात असायचा. घरी ‘पोराला वळण नाही’ एवढं म्हटलं की पुरायचं.

‘वळणे’ या क्रियापदाची यादी काढून बघा. रस्ता वळतो, ते सोडा. गुराखी गुरं वळतो. बायका वाती वळतात, लाडू वळतात. सगळीकडे वस्तू आपल्या जागची आहे आणि हात फक्त बाजूने लागतोय. रव्याचा लाडू केलाय का कधी? पाक मुरून मिश्रण कोमट झालं की वळायला घ्यायचं. घाई केली तर हात भाजतो आणि लाडू ताटात बसतो. विसरलात, गार झालं, की भुगा. मूठ हलकी पडली तर पहिल्याच घासाला फुटतो, फार आवळली तर वर चार बोटांचे ठसे राहतात. माझ्या आईचे लाडू तसे असायचे. आम्हा भावंडांवरही ठसे आहेत, पण तो विषय नको.

अक्षरालाही वळणच लागतं. कित्ता सगळ्यांना एकच होता, तरी माझं आणि बहिणीचं अक्षर कुणी एक म्हणणार नाही.

परळची_पोर

वळणाचं कौतुक चाललंय म्हणून मध्ये पडते. वळण लावायला पोरगी आणि पोरगा दोन्ही असायचे, पण हिशेब कुणाचा ठेवला जायचा? ‘मुलीच्या जातीला वळण हवं.’ मुलाच्या जातीला काय हवं, हे मी अजून ऐकलेलं नाही.

दुसरी बाजूही तशीच. मुलगा गल्लीत फिरला तर ‘उनाड’. त्यात राग आहे, पण अर्धा लाडही आहे. मोठेपणी तोच हसत सांगतो, लहानपणी मी फार उनाड होतो. मुलगी फिरली तर ‘भटकभवानी’. याचं पुल्लिंग सांगा कुणीतरी. मी गच्चीवरून उशिरा खाली आले की माझी आई हाच शब्द वापरायची, भाऊ तिथेच पतंग उडवत असायचा.

तुमच्या पत्रकात वळण वापरणार असाल तर एवढं लक्षात असू द्या, की वाचणाऱ्या निम्म्या बायकांच्या कानात तो कुणाच्या तरी आवाजात वाजणार आहे.

कोशकीटक

भटकभवानीचं पुल्लिंग नाही, मान्य. ‘उंडगा-उंडगी’ जोडी आहे, पण त्यातली उंडगी जास्त बोचते हेही खरं.

याच मुद्द्यावरून क्रियापदांची एक उतरंड सुचली. एकच पोर, एकच मैदान. बघणारा खुशीत असेल तर पोर ‘बागडतं’. थोडा वैतागला असेल तर ‘हुंदडतं’. स्वयंपाक करपलाय आणि पोर घरी नाही, तर ते ‘उंडारतंय’. शेजाऱ्याच्या गाडीच्या काचेवर चेंडू बसला की पोरं ‘मोकाट सुटलीत’. पोर काय करतंय यावर शब्द ठरत नाही, खिडकीत कोण उभं आहे यावर ठरतो.

दवंडी

सूट, मुभा, सवलत हे राहिले. ‘सूट’ आधी काढून टाका. दादरला दुकानाबाहेर 50 टक्के सूट लिहितात तीच ही. मूळ किंमत कायम, त्यातून थोडं वजा. ‘तिला फार सूट दिलीय’ म्हणणाऱ्याच्या डोक्यात मूळ किंमत पक्की असते.

‘मुभा’ छान आहे, फक्त सरकारी परिपत्रकांनी पळवला. अरबी ‘मुबाह’वरून आला. तिथल्या धर्मशास्त्रात ज्या गोष्टीचा आदेशही नाही आणि मनाईही नाही ती मुबाह. विचार करा, दिवसातला असा किती वेळ आपल्या पोरांकडे उरतो, ज्याबद्दल कुणाचंच काही म्हणणं नाही? शाळा, ट्यूशन, अबॅकस, फुटबॉलचं कोचिंग. खेळसुद्धा फी भरून.

आणि ‘फाजील लाड’. फाजील म्हणजे जादा, शिल्लक उरलेला. म्हणजे लाडाला मराठीची हरकत नाही, वर ओतलेल्या लाडाला आहे.

गिरणगावकर

उशिरा आलो. ‘स्वातंत्र्य’ तुम्ही सगळ्यांनी भाषणाचा शब्द म्हणून फेकून दिलात, त्याबद्दल दोन शब्द.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचाखात्यात होते, 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तोपर्यंत. बाहेरच्यांसाठी सांगतो, गिरणगावात साचा म्हणजे माग. एरवी मराठीत साचा म्हणजे ज्यात ओतून एकसारख्या मूर्ती काढतात तो. ‘सगळी मुलं एका साच्यातून काढल्यासारखी’ असं कुणी म्हटलं की मला लहानपणी वाटायचं, वडील मुलं विणतात की काय.

एकदा कशासाठी तरी मला खात्यात नेलं होतं. कान बंद होतील असा खडखडाट. उभे धागे, म्हणजे ताणा, साच्यावर ताणून बसवलेले. ते दोन थरांत वरखाली होतात, मधे वाट उघडते आणि त्या वाटेतून धोटा इकडून तिकडे सुटतो. ताण जास्त झाला तर तार तुटते आणि साचा थांबवून गाठ मारावी लागते. ताण कमी पडला तर वाट नीट उघडत नाही आणि धोटा धाग्यांत अडकतो. वडील जाता जाता हाताची मागची बाजू ताण्यावर टेकवायचे. बघायचेसुद्धा नाहीत, दुसरीकडे बोलत असायचे. हाताला कळायचं.

आता शब्दाकडे. ‘तंत्र’ हा ‘तन्’ म्हणजे ताणणे या धातूवरून आलाय, आणि संस्कृतात त्याच्या अर्थांमध्ये माग आणि मागावरचा ताणा हे आहेत. स्वतंत्र म्हणजे ज्याचा ताणा त्याचा स्वतःचा. विरुद्ध शब्द काय? परतंत्र. धागे दोघांच्याही साच्यावर ताणलेलेच आहेत, फक्त साचा कुणाचा एवढाच फरक. म्हणून मला ‘समतोल’ हा शब्द खटकतो. तो ताजव्याचा शब्द आहे. एका पारड्यात शिस्त टाकली की दुसऱ्यातलं स्वातंत्र्य वर जाणार, असा त्याचा हिशेब. धोट्याला पळायला जागा मिळते ती मुळात ताण्यामुळे. ताणा काढून टाका, धोटा जमिनीवर.

वडिलांना हे सगळं सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, “साचा मालकाचाच असतो, तू जेव.”

पोळपाट_लाटणं

गिरणगावकर, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावते.

खडू_फळा

मी अध्यापक विद्यालयात बालमानसशास्त्र शिकवते, तिथली अडचण सांगते. डायना बॉमरिंड यांनी 1960च्या दशकात कॅलिफोर्नियात बर्कलीला पालकांचे तीन प्रकार मांडले. त्यातले दोन, ऑथॉरिटेरियन आणि ऑथॉरिटेटिव्ह. इंग्रजीतच विद्यार्थी गोंधळतात. मराठीत ‘हुकूमशाही’ आणि ‘अधिकारयुक्त’ असं काहीतरी करावं लागतं, आणि परीक्षेत दोन्हींची उत्तरं एकमेकांच्या जागी येतात. खरं तर फरक साधा आहे. पहिला म्हणतो, “मी सांगतोय म्हणून.” दुसरा नियम तेवढाच पक्का ठेवतो, पण कारण सांगतो आणि मुलाचं ऐकून घेतो. तिसरा पर्मिसिव्ह, माया भरपूर पण कशालाच अडवणूक नाही. मॅकोबी आणि मार्टिन यांनी 1983 मध्ये चौथा प्रकार धरला, मागणीही नाही आणि लक्षही नाही.

वर्गात मी आता मराठी शब्द वापरते. पहिल्याला धाक, तिसऱ्याला लाड, चौथ्याला वाऱ्यावर सोडणं. दुसऱ्याला सरळ एक शब्द मिळत नव्हता. एका विद्यार्थिनीने लिहिलं, ‘वचक आहे पण भीती नाही’. मी पूर्ण गुण दिले. वचक असलेला माणूस खोलीत नसला तरी काम होतं. दरारा मात्र खोलीबरोबर संपतो. (हा माझा अनुभव, कोशात शोधू नका.)

छडीचा विषय कुणी काढायच्या आत सांगते. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलेत. पालकसभेत अजूनही कुणीतरी उठून “बाई, दोन फटके द्या” म्हणतंच. परवानगी असल्यासारखं.

दवंडी

आमच्याकडे या बाबतीतला सगळ्यात सुंदर शब्द डहाणूजवळच्या कोसबाडचा आहे. ताराबाई मोडक जन्मल्या मुंबईत. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, अनुताई वाघ बरोबर होत्या. तिथली आदिवासी मुलं शाळेत यायची नाहीत, कारण त्यांना गुरं राखायची असत. मग शाळाच कुरणात गेली. नाव ठेवलं कुरणशाळा. कुरण आणि शाळा, दोन्ही एका शब्दात आणि मधे ‘व’सुद्धा नाही. पोर गुरं वळतंय आणि त्याच वेळी त्याला वळण लागतंय.

परळची_पोर

हे आवडलं. वळणाबद्दलचा राग दहा टक्क्यांनी कमी. (सूट समजा.)

पण ‘मोकळीक’ कुणीच घेतली नाही. त्यातही एक गोम आहे. मोकळीक नेहमी ‘देतात’. मुभा देतात, सूट देतात, ढील देतात. देणारा आला की परत घेणाराही आला. ‘मोकळं’ मात्र देता येत नाही. केस मोकळे असतात, भात मोकळा होतो, माणूस बोलून मोकळा होतो. माझी लेक परीक्षेनंतर पंखा फुल करून फरशीवर उताणी पडते, ते मोकळं. मी काही दिलेलं नसतं.

बोरिवली_स्लो

सगळ्यांचे आभार, पत्रक झालं. ‘स्ट्रक्चर’साठी वरच्यांतला एकही शब्द घेतला नाही, रागावू नका. सासूबाईच परवा फोनवर नणंदेला सांगत होत्या, “सुट्टी लागली आणि पोरांची सगळी घडी विसकटली.” ऐकून जागची उठलेच. घडी! संसाराची बसते, दिवसाची बसते, साडीची असते. मोडता येते आणि पुन्हा घालता येते. शिस्त मोडली की गुन्हा होतो, घडी मोडली तर फार तर इस्त्री करावी लागते. आणि घडी पुन्हा पुन्हा एकाच रेषेवर घातली की कापड त्या रेषेवर आपोआप दुमडतं.

वाक्य असं केलं : ‘मुलांच्या दिवसाची घडी बसवावी. त्या घडीत रोज थोडा वेळ असा असावा, की ज्यात त्यांना काय करायचं हे कुणी सांगणार नाही.’ दुसऱ्या वाक्यात नाम सापडेना म्हणून सरळ सांगून टाकलं. दवंडींचा मुबाह त्यात आहे, पण तो शब्द लिहिला असता तर सेक्रेटरींनी अर्थ विचारला असता.

कोशकीटक

उत्तम. एक शुद्धलेखन : ‘घडीत’ बरोबर, पण ‘विसकटली’ की ‘विस्कटली’? दोन्ही चालतं, पत्रकभर एकच ठेवा.

बोरिवली_स्लो

ठेवलं. काल लिफ्टशेजारी पत्रक लावलं. आज सकाळी बघितलं तर खाली कुणीतरी बॉलपेनने लिहिलंय, ‘मग कंपाउंडमधली खेळण्यास मनाई आहे ही पाटी कधी काढणार?’ अक्षर कच्चं आहे, ‘मनाई’तली ‘ई’ ऱ्हस्व आहे. वळण ओळखीचं वाटतंय. घरी अजून विचारलेलं नाही.